मजुराची वाट हीसुद्धा कामाचीच जागा



‘कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य’ या विषयावर आम्हाला चार शब्द बोलायचे आहेत. हा विषय ऐकला की डोळ्यांसमोर कारखाना येतो, भोंगा येतो. पण आपल्या दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडून बराच काळ लोटला. आपल्या वस्तीतला माणूस आज दुसऱ्याच्या शेतात, बांधकामावर किंवा पुण्या-मुंबईकडे कामाला जातो. त्याच्या कामाच्या जागेला फाटक नाही, आणि म्हणून तिथे काही नियम असतो हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

दिनांक २० ऑगस्ट २०२१ रोजी समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांना घेऊन निघालेला टिप्पर दुसरबीडजवळ तढेगाव परिसरात उलटला. गाडीत लोखंडी सळया होत्या आणि त्यांच्यासोबत मजूर बसलेले होते. तेरा मजूर दगावले. त्यांतले बरेचसे परप्रांतातले. आपण हळहळलो आणि विसरलो. कुणी म्हणाले, वेळ आली होती. आम्हाला हे मान्य नाही. लोखंड आणि माणूस एकाच हौद्यात घातले की गाडी उलटण्याआधीच अपघाताची तयारी झालेली असते.

आणि हे काही महामार्गापुरते नाही. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत सकाळी रस्त्यावर उभे राहून पाहा. ज्याला आपण ‘छोटा हत्ती’ म्हणतो त्या गाडीत पंधरा-वीस बाया उभ्या, मागच्या फळक्याला धरून एखादा शाळकरी पोरगा लोंबकळलेला. मालाच्या गाडीत असे बसलेल्या माणसाला गाडीच्या विम्याचे संरक्षण सहसा मिळत नाही, हे त्या बायांना कोण सांगणार? गाडीवाल्याला ते माहीत असते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, ते विधेयक त्यांच्या खात्याचे. कारखान्यातला कामगार त्यामुळे थोडा सुखावला. फाटकाबाहेरच्या मजुरापर्यंत कायदा पोहोचायला मात्र फार वेळ लागला. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा १९९६ साली आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यावर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यांतले काही आम्हालाही पटतात. पण त्यातल्या एका तरतुदीकडे आपण नीट लक्ष दिले पाहिजे. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना अपघात झाला आणि त्याचा कामाशी संबंध दिसून आला, तर तो कामावरचाच अपघात धरला जातो. म्हणजे वाटेवरच्या मजुराची जबाबदारी मालकाने झटकायची सोय राहिली नाही.

परंतु संबंध दाखवायचा कशाने? इथे आमच्या धंद्यातला अनुभव सांगतो. मजुरी रोख मिळते, हजेरी ठेकेदाराच्या वहीत, ती वही ठेकेदाराच्या खिशात. माणूस गेल्यावर तो कामावर होता याचा कागदच नसतो. मजुरी खात्यात जमा झाली तर पासबुकातली प्रत्येक ओळ साक्षीदार होते. म्हणून मजुरी खात्यात मागा. ठेकेदार कुरकुर करील, करू द्या.

शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, पण ती सातबारावाल्याच्या कुटुंबाला. ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही, त्याने काय करायचे? बांधकामावर वर्षात ९० दिवस भरले असतील आणि वय १८ ते ६० असेल, तर राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते. कामावर असताना मृत्यू आल्यास वारसाला ५ लाख रुपये मिळतात. शेतमजुराला निदान पंतप्रधान सुरक्षा विमा तरी घेता येतो. वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. हे २० रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. त्या वेळी खात्यात तेवढेही नसले की विमा बंद पडतो, आणि घरात सगळे समजत असतात की तो चालू आहे. आम्ही काउंटरवर बसून हे पाहतो. मुलीचे लग्न झाले, नवरा वारला, तरी वारस म्हणून जुनेच नाव राहिलेले, हाही नेहमीचा प्रकार.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला वाचता येते. घरातल्या प्रत्येकाचे पासबुक भरून आणा, २० रुपयांची वजावट दिसते का बघा आणि नोंद केलेला वारस कोण ते विचारा. कार्यक्रम संपल्यावर आम्ही मंडपाबाहेर टेबलावर बसणार आहोत. ज्यांनी पासबुक आणले असेल त्यांनी तिथे यावे. ज्यांनी आणले नसेल त्यांनी उद्या शाखेत यावे, पण अकराच्या आत, नंतर गर्दी होते.