परक्या व्यवस्थेत हरवणारी नावे



एका ऑपरेटिंग सिस्टिमवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले सॉफ्टवेअर दुसऱ्या सिस्टिमवर नेण्याच्या कामाला ‘पोर्टिंग’ म्हणतात. या कामात प्रोग्रामरला बहुधा एक चमत्कारिक अनुभव येतो. सर्व फाइली कंपायलरमधून सुखरूप बाहेर पडतात. पण अगदी शेवटच्या पायरीवर, सर्व भाग एकत्र जोडणारा लिंकर सांगतो की, अमुक नावाचे फंक्शन सापडत नाही. मूळ प्रोग्राम उघडून पाहावा, तर ते फंक्शन तेथे असतेच. मग लिंकरला ते का दिसू नये? या प्रश्नापायी दिवसच्या दिवस खर्ची पडतात. कारण दोष मूळ प्रोग्रामात शोधला जातो आणि तो असतो निराळ्याच ठिकाणी.

अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरावयाच्या फंक्शनांचा तयार संग्रह म्हणजे सामायिक लायब्ररी. या संग्रहासोबत नावांची एक सूची असते. बाहेरचा प्रोग्राम फंक्शनाची मागणी नावानेच करतो, आणि ते नाव सूचीत असेल तरच ती पुरी होते. नाव या सूचीत घालणे यालाच सिंबलची निर्यात असे म्हणतात. संग्रहाच्या पोटात फंक्शन असणे वेगळे आणि त्याचे नाव सूचीत असणे वेगळे. ग्रंथालयाच्या कोठारात पुस्तक आहे, परंतु ग्रंथतालिकेत त्याची नोंद नाही, अशा वेळी वाचकाच्या दृष्टीने ते पुस्तक नसल्यासारखेच असते.

ही सूची कोणी व कशी करावी, याबाबत निरनिराळ्या सिस्टिमच्या रीती परस्परविरुद्ध आहेत. लिनक्सवर सामायिक लायब्ररी ‘ईएलएफ’ नावाच्या फाइल-रचनेत असते. तेथे, वेगळे काही सांगितले नाही तर, फाइलपुरते मर्यादित न केलेले प्रत्येक फंक्शन आपोआप सूचीत जाते. विंडोजची रीत याच्या उलट आहे. मायक्रोसॉफ्टच्या साधनांनी डीएलएल तयार करताना, जे नाव स्पष्टपणे सांगितले तेवढेच बाहेर जाते. त्यासाठी एक तर फंक्शनाच्या घोषणेवर ‘डीएलएलएक्सपोर्ट’ ही खूण करावी लागते, नाही तर ‘डॉट डेफ’ नावाच्या फाइलमध्ये नावांची यादी द्यावी लागते. लिनक्सच्या सवयीत वाढलेल्या लेखकाने अशी यादी कधी केलेलीच नसते. तिची त्याला गरजच पडलेली नसते. विंडोजवर आल्यावर हे न केलेले काम एकदम समोर उभे राहते.

म्हणून पहिला नियम असा की, मूळ प्रोग्रामाला हात लावण्यापूर्वी सूची वाचावी. लिनक्सवर ‘एनएम’ या साधनाला ‘डी’ हा पर्याय दिला म्हणजे ती दिसते. विंडोजवर ‘डंपबिन’ किंवा ‘ऑब्जडंप’ तेच काम करते. डीएलएलबरोबर तयार होणारी ‘डॉट लिब’ फाइल मुळीच तयार झाली नसेल, तर तेही लक्षण बोलके आहे. एकही नाव निर्यात झाले नाही, तर मायक्रोसॉफ्टचा लिंकर ती फाइल करीतच नाही. मग ‘फाइल उघडता येत नाही’ अशी तक्रार येते, आणि शोध फाइलच्या पत्त्यापासून सुरू होऊन भलतीकडेच जातो.

सूची हाती आल्यावर तीन शक्यता उरतात. पहिली, नाव सूचीत नाही. तेव्हा निर्यातीची खूण राहून गेली आहे. दुसरी, नाव आहे, पण निराळ्या रूपात आहे. सी++ चा कंपायलर फंक्शनाच्या नावात त्याच्या आर्ग्युमेंटांच्या प्रकारांची माहिती गुंफतो, आणि प्रत्येक कंपायलरची गुंफण सारखी नसते. सी भाषेतून हाक मारावयाच्या फंक्शनाची घोषणा म्हणूनच ‘एक्सटर्न सी’ या शब्दांनी करावी लागते. तिसरी शक्यता अशी की, नाव अगदी बरोबर आहे, पण ते फंक्शनाचे नसून चल राशीचे, म्हणजे व्हेरिएबलचे आहे. विंडोजवर फंक्शन आयातीच्या खुणेवाचूनही सापडू शकते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये चल राशीला मात्र वापरणाऱ्याच्या बाजूने ‘डीएलएलइंपोर्ट’ ही खूण लागतेच. या कारणास्तव हेडर फाइलमध्ये एक मॅक्रो ठेवण्याचा प्रघात आहे. लायब्ररी बांधताना त्याचा अर्थ निर्यात, वापरताना आयात, आणि लायब्ररी प्रोग्रामातच मुरवून टाकायची असेल तेव्हा काहीच नाही.

ग्नूच्या लिंकरने विंडोजवर एक सवलत ठेवली आहे, आणि तीच पुष्कळांना चकवते. एकाही नावावर खूण नसेल तर हा लिंकर सर्व नावे आपोआप निर्यात करतो. परंतु एका जरी नावावर ‘डीएलएलएक्सपोर्ट’ लिहिले, की ही सवलत संपते व खूण केलेली नावेच बाहेर जातात. कोणी सद्‌हेतूने एका नव्या फंक्शनावर खूण करावी आणि काल चालणारी चाळीस फंक्शने आज नाहीशी व्हावीत, असे यामुळे घडते. दोष त्या एका ओळीत असतो. तक्रार मात्र बाकी सर्व नावांबद्दल येते.

अशा वेळी ‘सर्व काही निर्यात करा’ असा हुकूम देऊन मोकळे होण्याचा मोह पडतो. तशी सोय उपलब्धही आहे. पोर्टिंगच्या पहिल्या दिवशी, बाकीचे सारे ठीक आहे किंवा नाही हे पाहण्यापुरता तिचा उपयोग करण्यास हरकत नाही. कायमचा उपाय म्हणून मात्र ती महाग पडते. जे नाव बाहेर दिसते, ते कोणी ना कोणी वापरू लागते. लेखकाने केवळ आपल्या सोयीसाठी लिहिलेले एखादे आतले फंक्शन दुसऱ्याच्या प्रोग्रामाचा आधार होऊन बसते, आणि पुढे ते बदलले की त्या परक्या प्रोग्रामाचे काम बंद पडते. शिवाय दोन लायब्रऱ्यांत एकाच नावाची आतली फंक्शने असली, तर लिनक्सवर एकीची हाक दुसरीकडे जाऊ शकते.

लिनक्सवरील प्रोग्रामरांनाही ही किंमत उमगली. 2005 साली आलेल्या जीसीसीच्या 4.0 या आवृत्तीत, सर्व नावे झाकून ठेवून निवडक तेवढीच उघडी करण्याची सोय सर्वांच्या हाती आली. जाँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांची 1995 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ‘झेडलिब’ ही लायब्ररी याचे चांगले उदाहरण आहे. विंडोजसाठी तिच्यात निर्यातीच्या नावांची ‘डॉट डेफ’ फाइल आहे; लिनक्ससाठी वेगळी नकाशा-फाइल असून, आतली म्हणून झाकावयाची नावे तीत नोंदलेली आहेत.

तेव्हा निर्यातीची यादी ही लिंकरचे समाधान करण्यापुरती बाब नव्हे. लायब्ररी कशाची हमी देते आणि कशाची देत नाही, हे त्या यादीत लिहिलेले असते. ती मूळ प्रोग्रामासोबत जपावी, आणि प्रत्येक नव्या बांधणीनंतर प्रत्यक्ष सूचीशी ताडून पाहावी. ताडताना एखादे नाव गळालेले दिसले, तर ते लायब्ररी लोकांच्या हाती जाण्यापूर्वी दिसेल. आणि एखादे नको असलेले नाव शिरलेले दिसले, तर त्यावर कोणी विसंबण्यापूर्वी ते मागे घेता येईल.