मास्तरांनी हात लावायचा नाही!

आजचा एपिसोड लाकूडकामावर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्वीडनच्या शाळांमध्ये दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या हातात सरळ धारदार चाकू द्यायचे, त्याची गोष्ट.

या विषयाचं नाव स्लॉइड. फिनलंडने १८६६ सालीच हस्तकला शाळेत आणली होती, ऊनो सिग्नेउस यांच्यामुळे. १८७७ मध्ये स्वीडनचा ऑटो सालोमन त्यांना जाऊन भेटला, आणि गोथेनबर्गजवळ नेस इथे त्याच्या मामाच्या इस्टेटीवर शिक्षकांना हे शिकवायचं केंद्र उभं राहिलं. सालोमन १९०७ मध्ये गेला, पण तोपर्यंत देशोदेशीचे मास्तर आणि मास्तरणीही तिथून शिकून गेल्या होत्या.

आता गंमत बघा. पहिली वस्तू काय? एक साधी टोकदार काडी. अक्षरांवर बोट ठेवायच्या ऐवजी वापरायची. नुसत्या चाकूने तासलेली. मग कुंडीतल्या झाडाला आधार द्यायची काठी, पुढे पट्टी, पेनं ठेवायचा ट्रे. करवत, रंधा, पटाशी हे सगळं हळूहळू. प्रत्येक वस्तूत मागच्यापेक्षा थोडंसंच नवीन. आपल्याकडे ट्युटोरियलची लेव्हल वाढत जाते ना, तसंच, फक्त इथे 'अन्डू' नाही. जास्त तासलं की तासलं.

आणि वस्तू घरी वापरता आलीच पाहिजे. शोभेची चालणार नाही. एका पोराने दांडा करायचा आणि दुसऱ्याने टोक, असंही नाही. एकाने पूर्ण करायची. ती मग त्याचीच.

मला सगळ्यात आवडलेला नियम वेगळाच आहे. विद्यार्थ्याच्या कामाला मास्तरांनी हात लावायचा नाही. सांगा, दाखवा, पण त्याच्या लाकडावर नाही. चांगला कोड रिव्ह्यू असाच असतो की! कमेंट टाका, माझा कोड तुम्ही लिहू नका. बीटेकच्या पहिल्या वर्षी आमच्या वर्कशॉपमध्ये नेमकं उलटं होतं. सांध्यात फट दिसली की तिथले काका पटाशी काढून घ्यायचे आणि दोन मिनिटांत जॉब फिट करून द्यायचे. साठ जणांचे साठ सांधे, सगळे एकाच माणसाच्या हातचे. मार्क मात्र आमचे.

पण स्लॉइडला डोक्यावर घेऊ नका. तेव्हा बहुतेक ठिकाणी लाकूड मुलांना आणि शिवण-विणकाम मुलींना, अशी सरळ वाटणी होती.

आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली, नई तालीम तिथूनच. तिथेही हाताचं काम मध्यभागी, पण एक मोठा फरक. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, असं गांधीजींना वाटत होतं. सालोमनला विक्री नकोच होती. त्याचं म्हणणं, आपण सुतार घडवत नाही, माणूस घडवतोय.

मला इथे सालोमन पटतो. विकायचं ठरलं की वाकडी काडी नापास होते, आणि मग मास्तरांचा हात मध्ये येतोच.

पण आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. सुताराच्या पोराला रंधा घरीच मिळायचा, शाळा नाही. त्याला शाळेतही रंधाच दिला तर तो म्हणणार, 'मला गणित द्या ना राव.' याचं उत्तर सालोमनकडे नाही. स्वीडनमध्ये तो प्रश्नच तसा नव्हता.

स्वीडनच्या शाळांत स्लॉइड आजही सक्तीचा विषय आहे. तुमच्या शाळेत हाताने काय बनवलं होतं? आणि खरंच तुम्हीच बनवलं होतं का? व्हॉइस नोट टाका, पुढच्या भागात ऐकवतो.