एका पत्त्याची गोष्ट
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून कौतुकाचे चार शब्द बोलावेत, असा रिवाज आहे. गणेशोत्सव, ग्रंथालय, नाट्यशाखा यांविषयी आधीचे वक्ते बोललेच आहेत. आम्ही मात्र आज एका उणिवेविषयी बोलणार आहोत. पन्नाशी गाठलेल्या संस्थेने जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडावी, असे आम्हांस वाटते.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील तळीरामाचे आर्यमदिरामंडळ आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यास आपण पोटभर हसलो. पिणाऱ्यांचे मंडळ असू शकते, तर सोडू इच्छिणाऱ्यांचे का नसावे, हा प्रश्न मात्र आम्हांस कधी सुचला नाही.

मंडळाचे एक जुने सभासद होते, आजही आहेत. त्यांचे काम सांगितले तरी आपण ओळखाल, म्हणून तेही सांगत नाही. ही हकीगतही उभयतांच्या अनुमतीनेच सांगत आहोत. पुढे ते बैठकांना चुकू लागले. 'प्रकृती बरी नसते', असे आम्ही परस्परांस सांगत राहिलो. प्रकृतीचे कारण सर्वांस ठाऊक होते. एके संध्याकाळी त्यांच्या पत्नी कार्यालयात आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "दारू सोडणाऱ्यांच्या सभा भरतात म्हणे. पत्ता मिळेल का?" आम्ही अहवालाच्या कागदांतून मान वर न करता उत्तरलो, "वहिनी, ह्या घरातल्या गोष्टी. मंडळाचा काय संबंध?"

पुढे चार महिन्यांनी एका रुग्णालयातील परिचारिकेने त्यांना पत्ता लिहून दिला. चर्चच्या आवारातील शाळेची खोली, गुरुवारी सायंकाळी सात. आमच्या कार्यालयापासून ती जागा पायी दहा मिनिटांवर होती.

ते गृहस्थ दोनदा फाटकापासून परतले. तिसऱ्या वेळी कोणीतरी चहाचा पेला पुढे केला आणि केवळ पाळण्यातले नाव विचारले. सभा हिंदीतून चालली होती. त्यांनीही हिंदीतच आरंभ केला; परंतु बोलता बोलता ते मराठीवर केव्हा आले, हे त्यांचे त्यांनाही कळले नाही. कोणी त्यांना अडविले नाही.

ह्या सभा 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ह्या संघटनेच्या. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही मद्याने ग्रासलेले, एकमेकांशी बोलू लागले, त्यातून ती उभी राहिली. भारतात ती १९५७ साली आली. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही, हजेरीपट नाही, आडनाव नाही. जन्मभराची शपथ घेण्याऐवजी आजचा एक दिवस निभावावा, ही तेथील रीत. कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन'च्या सभा निराळ्या भरतात. पुण्याच्या 'मुक्तांगण' केंद्राची कहाणी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले.

पत्ता शोधावा कसा? संघटनेच्या संकेतस्थळावर शहरवार सभांची यादी असते. निघण्यापूर्वी दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून वार, वेळ आणि भाषा विचारून घ्यावी, कारण जागा बदलतात. 'खुली' सभा असेल तर नातेवाईकांनाही बसता येते. 'बंद' सभा केवळ व्यसनग्रस्तांसाठी असते. एका सभेत मन रमले नाही तर दुसरीकडे जावे. केंद्र सरकारच्या १४४४६ ह्या निःशुल्क क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. सभा हा औषधोपचाराला पर्याय नव्हे, त्याची सोबत आहे.

परमुलखात ही सोबत अधिकच लागते. गावी असताना मामा, काका, शेजारी, कोणीतरी हटकणारे असते. येथे आपले मंडळ हेच गणगोत. आणि नेमक्या त्याच कारणाने माणूस मंडळापासूनच तोंड लपवितो. अब्रू जाईल ह्या भयाने घर आतून पोखरले जाते आणि आपण संक्रांतीचे तिळगूळ दारातूनच देऊन परततो.

म्हणून कार्यकारिणीने दोन गोष्टी ठरविल्या आहेत. शहरातील सभांचे पत्ते आजपासून ग्रंथालयाच्या फलकावर, नाटकांच्या जाहिरातींशेजारी लागतील. पत्ता टिपून घेणाऱ्यास कोणी काही विचारणार नाही. दुसरे असे की, दर मंगळवारी सायंकाळी ग्रंथालयामागील खोली अशा सभेसाठी खुली राहील. आम्ही ती विनामूल्य देऊ केली होती. परंतु बाहेरून देणगी घ्यावयाची नाही, आपला खर्च आपण भागवावयाचा, हा त्यांचा नियम. तेव्हा माफक भाडे ते देणार आहेत. त्या दाराला मागच्या गल्लीतून वाट आहे, हेही मुद्दाम सांगून ठेवतो.

ते गृहस्थ आज बरे आहेत. त्याचे श्रेय मंडळाकडे यत्किंचितही नाही. त्या माउलीस त्या संध्याकाळी आम्ही जे उत्तर दिले, ते आज ह्या भरल्या सभेत मागे घेतो. वहिनी, मंडळाचा संबंध होता.