प्रस्तरारोहण : पावलांचे शिक्षण आणि मनाची तयारी

सह्याद्रीच्या काळ्या कातळावर प्रथमच हात टाकणारा विद्यार्थी वर पाहतो, पायांकडे पाहत नाही. खोबण सापडली की तो सारा देह दंडांच्या बळावर ओढू लागतो आणि दहा-बारा फुटांतच त्याचे पंजे बधिर होतात. कारण सतत आवळलेल्या स्नायूंतून रक्त नीट वाहत नाही. प्रस्तरारोहणात भार पायांनी पेलावयाचा असतो, हातांनी तोल सांभाळावयाचा. १६७० मध्ये सिंहगडाचा कडा चढलेल्या मावळ्यांचे श्रेय लोककथेने घोरपडीला दिले. काम मात्र पावलांनीच केले असणार!

म्हणून पहिले धडे जमिनीलगतच्या खडकावर द्यावेत. पाऊल टेकेपर्यंत नजर पावलावरच ठेवावी, ते आवाज न करता टेकावे, विसावताना कोपर सरळ ठेवावे. एकच सोपा मार्ग पुनःपुन्हा चढावा व उतरावा. मुलांना याचा कंटाळा येतो. तथापि शरीराला सवय लागण्यास दुसरा उपाय नाही.

भीतीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. कलत्या कातळावर घाबरलेला माणूस खडकाला बिलगतो. त्यामुळे पावलांवरचा दाब कमी होतो, तळव्यांची पकड सुटते आणि तो घसरतो. ज्या हालचालीने तो वाचू पाहतो तीच त्याला पाडते. अशा वेळी धीटपणाचा उपदेश व्यर्थ होय. त्याने थांबावे, श्वास सोडावा, कंबर खडकापासून दूर घेऊन पायांवर उभे राहावे. मग पुढची एकच खोबण शोधावी.

वरून लावलेला दोर ताणलेला असून गाठ दोघांनी तपासली असेल, तर हात सुटला तरी आरोहक थोडाच खाली येतो. तरीही त्याचे पाय लटपटतात. दोरावरचा विश्वास बसावा म्हणून जाणते प्रशिक्षक त्याला मुद्दाम सुटून पाहावयास लावतात. उलट, वाळल्या गवताच्या निसरड्या उतारावर दोराविना चालताना कोणी घाबरत नाही, आणि धोका तेथेच मोठा असतो. गडावर सहल नेणाऱ्या शिक्षकांनी हा भेद विशेष ध्यानी घ्यावा.

नवी मुंबईत २०१६ मध्ये या खेळाची जागतिक चषक स्पर्धा झाली. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला. परंतु कृत्रिम भिंतीवर तरबेज झालेला आरोहक सह्याद्रीत पुन्हा नवशिकाच असतो. येथील बेसाल्टच्या थरांत सुटे धोंडे असतात. धोंडा हाताने ठोकून पाहावा. पोकळ आवाज आल्यास त्यावर भार टाकू नये, आणि खाली उभ्या असलेल्यांना हाक देऊन बाजूस करावे.