ताकद नव्हे, जवळीक

बिनतारी चार्जरवर ठेवलेला मोबाईल चार्ज होतो खरा, पण तारेच्या मानाने वीज जास्त खर्च होते आणि फोन तापतो. यावर चार्जरची ताकद वाढवा असे सुचवले जाते. मला ते पटत नाही. ताकद वाढली की वाया जाणारी वीजही वाढते. खरा प्रश्न आहे तो चार्जरमधली आणि फोनमधली अशा दोन कॉइलमधल्या जोडणीचा. एका कॉइलमधले बदलते चुंबकीय क्षेत्र दुसरीत वीज निर्माण करते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. त्या क्षेत्राचा किती भाग दुसरीपर्यंत पोहोचतो आणि कॉइल स्वतः किती कमी ऊर्जा गमावतात, या दोन मापांच्या गुणाकारावर सारे अवलंबून असते. गुणाकार १ असेल तर कॉइलपुरती कमाल कार्यक्षमता जेमतेम १७ टक्के, १० असेल तर सुमारे ८२ आणि ५० असेल तर ९६.

कॉइलमधली गळती कमी करण्याचे मार्ग ठाऊक आहेत. एक लाख हर्ट्‌झच्या आसपास प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगत साधारण ०.२ मिलिमीटर जाडीतच वाहतो, म्हणून एका जाड तारेऐवजी वेगवेगळे इन्सुलेशन असलेल्या बारीक तारांचा पीळ वापरतात. पाठीमागे फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर लावला की क्षेत्र भरकटत नाही. पण फोन थोडा बाजूला सरकला की ही सारी मेहनत बरीचशी फुकट जाते. म्हणूनच २०२३ मध्ये आलेल्या बिनतारी चार्जिंगच्या 'ची टू' मानकातली लोहचुंबकांची कडी मला सर्वांत मोलाची सुधारणा वाटते. ती फोनला नेमक्या जागी बसवते.

कोणी म्हणेल, अनुस्पंदनाने, म्हणजे दोन्ही कॉइल एकाच वारंवारतेवर जुळवून, अंतराची अडचण सुटलीच आहे. २००७ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दोन मीटरवरून ६० वॅटचा दिवा पेटवला. प्रयोग थोरच होता, पण त्याची कार्यक्षमता सुमारे ४० टक्के होती. याउलट अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २०१८ मध्ये सहा इंचांच्या फटीतून १२० किलोवॅट वीज ९७ टक्के कार्यक्षमतेने पाठवली.

मग सरळ तारच का नको, हा आक्षेप फोनपुरता रास्त आहे. ऐकू येण्यासाठी कानामागे त्वचेखाली बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटला मात्र वीज त्वचेपलीकडून, कॉइलमधूनच मिळते. तिथेही बाहेरची कॉइल लोहचुंबकानेच आतल्या कॉइलसमोर धरून ठेवलेली असते. जोडणी जितकी नेमकी, तितकी बाहेरची बॅटरी जास्त वेळ पुरते.