बँडवाल्याच्या घरचा हप्ता

विश्रामबागेतून बोलतेय. वरात निघाली की आपण सगळ्याजणी नवरा-नवरीकडं बघतो. पुढं लाल कोट घालून फुंकणाऱ्याकडं कोण बघतं? मीही बघत नव्हते. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटातल्या वहिनींचे तीन हप्ते थकले, तेव्हा बघितलं. त्यांचे मिस्टर क्लॅरिनेट वाजवतात.

वहिनींनी सरळ हिशोब सांगितला. तुळशीचं लग्न झालं की कमाई सुरू, ती पाऊस पडेपर्यंत. पावसाळ्यात गणपतीचे तेवढे दिवस, बाकी घर रिकामं. मग बँडमालकाकडून अठरा हजार उचल घेतली. ती फिटेपर्यंत त्याच्याकडंच वाजवायचं. दुसरा चार पैसे जास्त देतो म्हटला तरी जाता येत नाही.

ब्रास बँड आपल्याकडं इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला. संस्थानिकांनी तो दरबारी ठेवला, तिथनं तो लग्नात उतरला. पिढ्यान्‌पिढ्या सनई-हलगी वाजवणाऱ्या मातंग, होलार घरांतल्या पोरांनी क्लॅरिनेट, ट्रम्पेट हातात घेतलं. पुण्याचा प्रभात बँड 1938 सालचा, गणपतीच्या मिरवणुकीत आजही त्याचा मान आहे. पितळी वाद्यं मात्र उत्तर प्रदेशातल्या मेरठहून येतात. तिथली नादिर अली कंपनी 1885 सालची. गंमत बघा, सतार घ्यायला लोक कुठनं कुठनं आपल्या मिरजेला येतात, आणि आपला ट्रम्पेटवाला मेरठची वाट बघतो!

आता डीजे आला. पंधरा-वीस माणसांचं काम एक गाडी करते. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम आहे म्हणून थोडं बरं. बँडवाले एकत्र येतात, दर ठरवतात, बयाणा लिहून घेतात. चांगलंच आहे. पण ती एकी बहुतेक मालकांची असते. फुंकणारा तिच्यात कुठं बसतो? मला तरी दिसला नाही.

आम्ही मीटिंगमध्ये विषय काढला. उचल फेडायला गटातनं कर्ज द्यायचं, सीझनमध्ये हप्ता दुप्पट, पावसाळ्यात फक्त बचत आणि व्याज. एक मावशी भडकल्या. "उद्या ऊसतोडीवाली म्हणंल मलाबी सवलत द्या!" कोपऱ्यातनं आक्का म्हणाल्या, "मग देऊ की. तिचा पैसा तरी बारा महिने येतोय व्हय?" तासभर वाद झाला, पण ठराव झाला. यंदा वहिनींचे मिस्टर मोकळे होते. रोजचा पैसा रोज हातात घेतला. सगळं फिटलेलं नाही, दोन हप्ते अजून बाकी आहेत.

बिहारात पाटण्याजवळ ढिबरा गावच्या बायकांनी 2016 साली स्वतःचा बँड काढला. सुधा वर्गीस यांच्या 'नारी गुंजन' संस्थेनं पाठबळ दिलं. त्या मुख्यतः ड्रम वाजवतात. हे सांगितल्यावर वहिनींची आठवीतली पोरगी म्हणाली, "मग फुंकायला कोण हाय त्यांच्याकडं?" ती बापाचं क्लॅरिनेट चोरून वाजवते. बाप आधी रागवायचा, आता बोटं कुठं ठेवायची ते दाखवतो.

आणि एक. वादक हाही असंघटित कामगारच, त्याला ई-श्रम कार्ड काढता येतं. वय 16 ते 59, नोंदणी फुकट. ज्यांच्या घरात कुणी बँडमध्ये आहे त्यांनी पुढच्या मीटिंगला येताना आधार, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल आणा. मोबाईल चार्ज करून आणा बरं का, मागच्या वेळी निम्म्यांचे बंद होते.