उंबऱ्याचे लाकूड
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच कोणीतरी दोन शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. आजवर येथे पाकक्रिया झाल्या, आहारशास्त्र झाले, संतवाङ्मयही झाले. यंदा चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या सुतारकामावर बोला." मी म्हटले, "अहो, ते करवतीचे काम, जिभेचे नव्हे!" पण चिटणीसबाईंपुढे आजवर कोणाचे चालले आहे? म्हणून उभी राहिले आहे. बोलताना कोठे अडखळले तर लाकडातली गाठ समजून सांभाळून घ्यावे.

पहिल्यानेच सांगते की मी सुतार नव्हे. सुताराची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची असते. माझा आहे तो छंद, आणि तोही टाकून दिलेल्या लाकडाचा. जुन्या घरांच्या चौकटी, मोडकी कपाटे, सुतारांच्या कामातून उरलेले तुकडे, फळांची खोकी, यांवर माझे सारे चालते. घरातला चहाचा ट्रे, मसाल्याची मांडणी, नातवंडांचे ठोकळे, गॅलरीतल्या कुंड्यांची घडवंची, हे सगळे अशा लाकडाचे आहे. दुकानातल्यासारखे ते गुळगुळीत नाही. पण डुगडुगतही नाही, एवढे मी अभिमानाने सांगते.

हा छंद लागला त्याची हकीकत अशी. २०१८ साली नारायण पेठेतला आमचा वाडा पाडला. भिंती फुगल्या होत्या, पावसाळ्यात तीन ठिकाणी पातेली मांडावी लागत; पाडणे भागच होते. लाकूड ठेकेदाराने न्यावयाचे, असे ठरले होते. तुळया, खांब, जिन्याच्या फळ्या ट्रकमध्ये चढत होत्या आणि आम्ही समोरच्या ओट्यावर उभे राहून पाहत होतो. सासूबाई अवाक्षर बोलल्या नाहीत. शेवटी मोठ्या दरवाजाचा उंबरा निघाला, तेव्हा मात्र त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "हा नेऊ नका." ठेकेदार भला माणूस. त्याने उंबरा तर ठेवलाच, वर दोन खिडक्यांच्या चौकटीही दिल्या.

तो उंबरा साडेचार फूट लांब, अस्सल सागवानाचा, आणि पावलांनी झिजून मधोमध खोलगट झालेला होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा सासूबाई आमच्या घरात येऊन जेमतेम वर्ष झाले होते. पाणी ओसरल्यावर त्या परत आल्या तो सगळीकडे गुडघाभर चिखल. त्या चिखलात आपली म्हणून ओळखू आलेली पहिली वस्तू म्हणजे हा उंबरा. त्यांनी तो खरवडून धुतला, हळदकुंकू वाहिले आणि मगच आत पाऊल टाकले. अशा उंबऱ्याला नव्या ब्लॉकमध्ये जागा मिळाली ती गॅलरीत, भिंतीला टेकून. दीड वर्ष आम्ही त्याच्यावर ओले पंचे वाळत घालीत होतो.

त्याच सुमारास आमच्या इमारतीत एका बिऱ्हाडी सुतारकाम चालले होते. तेथल्या काकांकडून मी उरलेले तुकडे मागून आणू लागले. दोनचार दिवसांनी ते म्हणाले, "वहिनी, तुकडे नेता, पण त्यांचं करता काय?" मी म्हटले, "शिकवाल तर काहीतरी करीन." ते हसले, पण शिकवले.

काकांनी आधी हातात करवत दिली नाही, लाकूड पाहावयास शिकवले. ओल्या लाकडात पाणी असते. ते वाळत वाळत साधारण तीस टक्क्यांच्या खाली आले, की लाकूड आक्रसू लागते. लांबीत जवळजवळ नाही, पण रुंदीत पुष्कळ. घाईने आणलेल्या नव्या लाकडाचे दार पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फटी दाखवते, ते यामुळे. शंभर वर्षे घरात राहिलेले लाकूड मात्र आपले आक्रसणे, वाकणे बरेचसे उरकून बसलेले असते. जुन्या माणसासारखेच म्हणा ना! त्यातून सागवानात अंगचेच तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. पण त्याच तेलामुळे सरस नीट धरत नाही. तेव्हा रंधा मारल्याबरोबर सांधा जोडावा, उद्यावर टाकू नये. सागवानात वाळूच्या जातीचा अंशही असतो. तो हत्याराची धार खातो. पटाशी पुन्हा पुन्हा पाजळावी लागली तर हत्याराला दोष देऊ नये.

जुन्या लाकडात खिळे लपलेले असतात. त्यावरून आधी लोहचुंबक फिरवावा. पितळी स्क्रू मात्र चुंबकाला सापडत नाही, तेथे डोळेच हवेत. बारीक भोके दिसली आणि खाली पिठासारखी भुकटी सांडत असली, तर कीड जिवंत आहे असे समजून तो तुकडा घरात आणूच नये.

आता फुकटचे लाकूड म्हणजे सगळेच चांगले, असा माझाही पहिल्यांदा समज होता. तो चुकीचा आहे, हे मला आज मुद्दाम सांगावयाचे आहे, कारण आपल्या घरी लहान मुले असतात. जुन्या दारांच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते आणि मेंदूला अपाय करते. असे रंगीत लाकूड मी घेतच नाही.

माल ज्यांवर रचून परदेशी जातो त्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि शेजारी अक्षरे छापलेली असतात. 'एचटी' असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापवून अर्धा तास तसेच ठेवलेले असते. 'एमबी' असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घेऊ नये. आणि पहिल्या जातीच्या पॅलेटवरही पुढे काय सांडले असेल हे कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून पोळपाट, काठवट, पाटाळे असे अन्नाला लागणारे काहीही मी अनोळखी लाकडाचे करीत नाही.

आणखी दोन गोष्टी. लाकडाची धूळ फुप्फुसांना वाईट. ती कर्करोगकारक असल्याचे जागतिक संस्थेने १९९५ साली जाहीर केले आहे. तेव्हा नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा आणि काम मोकळ्या हवेत करावे. दुसरी, जवसाचे तेल लावलेले फडके चुरगळून टोपलीत टाकू नये. ते वाळताना आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. ते उलगडून बाहेर वाळत घालावे.

असे वर्षभर शिकल्यावर मला वाटले, आता उंबऱ्याला हात घालावा. वखारीत नेऊन त्याचे मधोमध दोन तुकडे करून घेतले. एका तुकड्यावर रंधा मारावयास घेतला. वरचा काळा थर निघाला, तसे आतून सोन्यासारखे लाकूड उघडे पडू लागले. सुरळ्या पडत होत्या, सागवानाचा वास सुटला होता, मला भान राहिले नाही. दोन दिवसांत तो तुकडा आरशासारखा सपाट केला. खिडकीच्या चौकटीचे पाय केले, त्यांना कुसू काढून भोकांत बसवले, एक खिळा वापरला नाही. दाराशी बसून बूट घालावयाचे बाकडे तयार झाले. काकांनीसुद्धा सांध्यावर बोट फिरवून मान डोलावली.

मी सासूबाईंना बोलावले. त्यांनी बाकड्यावरून, जेथे खोलगट भाग होता तेथे, हात फिरवला. म्हणाल्या, "छान झालंय गं. पण आपला उंबरा कुठे गेला?" मी म्हटले, "हाच तो! बसून तर पाहा." त्यावर त्या हळूच म्हणाल्या, "उंबऱ्यावर बसायचं नसतं, बाई," आणि आत गेल्या.

भगिनींनो, त्या रागावल्या असत्या तर मी काही उत्तर तरी दिले असते. सासऱ्यांचे, दिरांचे, माहेरपणाला आलेल्या मुलींचे, आणि पुराच्या चिखलातून आत आलेले त्यांचे स्वतःचे पाऊल ज्याने झेलले, तो खोलगा मी दोन दिवस घाम गाळून भुशात घालवला होता. मी काकांना विचारले, काही करता येईल का? ते म्हणाले, "वहिनी, रंध्यानं काढलेलं परत लावता येत नाही. म्हणून मारण्याआधी थांबायचं."

दुसरा तुकडा होता. त्याला मी तीन महिने हात लावला नाही. मग सासूबाईंनाच विचारले, "याचं काय करू?" त्या म्हणाल्या, "देवाखाली घाल." मी तो फक्त ब्रशने झाडला, ओल्या फडक्याने पुसला, वाळल्यावर थोडे तेल चोळले. कापलेली कड तेवढी कानशीने मोडली. खिळ्यांची भोके, बिजागरीची खूण, सारे तसेच ठेवले. आज आमचा देव्हारा त्या फळीवर आहे. तुकडे मधोमध केल्यामुळे अर्धा खोलगा त्याच्या एका टोकाला राहिला आहे. सासूबाई तेथे हळदकुंकवाची कोयरी ठेवतात, ती बरोबर बसते. बाकड्यावर मी बसते, आणि रोज चपला घालताना माझी चूक आठवते. त्या आज समोरच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच ही हकीकत सांगितली.

तेव्हा मला सांगावयाचे ते एवढेच. आपल्या भोवती घरे पडत आहेत, पडणार आहेत. त्यांतले सगळेच जपता येणार नाही, जपण्याजोगेही नसते. पण एखादी चौकट, एखादी फळी तरी मागून घ्या, आणि रंधा मारण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, यातले काय ठेवावयाचे? सांधा जोडणे हाताने शिकता येते. हे मात्र विचारावेच लागते.

मंडळाच्या मागल्या खोलीत एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, हातोडी, गुण्या आणि दोन शिकंजे मी आणून ठेवले आहेत. ज्यांना शिकावेसे वाटेल त्यांनी शनिवारी दुपारी यावे. येताना घरातला एखादा पडीक तुकडा आणावा, आणि तो कोठला, हे घरी विचारून यावे.